न्यायाधीश मोठा आणा, मुलाला मोठ्या कोर्टात नेऊ नका

महाराष्ट्रातील लोकसभा आणि राज्यसभेच्या सर्व सन्माननीय खासदारांस,

सप्रेम नमस्कार.

हातात कोयता घेऊन दुचाक्या फोडणाऱ्या पोरांचा एखादा व्हिडिओ फिरू लागला, की दोन दिवसांत एक मागणी ठरल्यासारखी पुढे येते. बालगुन्हेगाराचं वय अठराचं सोळा करा, सोळाचं चौदा करा, आणि या पोरांना मोठ्यांच्या कोर्टात उभं करा. सभांमधून ती होते, पोलिसांच्या पत्रकार परिषदांमधून होते, आणि मुलगा गमावलेल्या आईच्या तोंडूनही होते. कायदा केंद्राचा आहे. तो बदलायचा तर आपल्याच मतांनी बदलणार, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

मी तीन-तीन वर्षांच्या दोन मुदती, मध्ये खंड पडून, एका जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळावर सदस्य होते. मंडळात एक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली निदान एक बाई. सरकारी कागदावर आमच्यापुढे येणारं पोरगं 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतं. वस्तीत मात्र आमचं नाव अजूनही 'रिमांड होमचं कोर्ट'. त्या कोर्टात बसून मी एका मुलाला मोठ्या कोर्टात पाठवण्याच्या आदेशावर सही केली आहे. ती सही चुकली असं आज मला वाटतं, आणि का वाटतं ते सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही.

त्याआधी कायदा थोडक्यात. 2000 च्या बाल न्याय कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक मूल मंडळापुढेच यायचं. 16 डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेतला एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्याला तीन वर्षं झाली, डिसेंबर 2015 मध्ये तो सुटला, आणि सुटल्यावर दोनच दिवसांनी, 22 डिसेंबरला, राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. त्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने वय कमी करायला नकार दिला होता. संसदेच्या स्थायी समितीनेही वेगळ्या वाटेने हरकत घेतली होती. तरी कायदा झाला. तेव्हाचा क्षोभ खरा होता, मीही त्यात होते, मेणबत्ती घेऊन चौकात उभी होते. पण क्षोभाच्या दोन दिवसांत उघडलेलं ते दार गेली दहा वर्षं उघडं आहे आणि त्यातून आत कोण जातं, हे कुणी वळून पाहिलेलं नाही.

दार असं आहे. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर कायद्याच्या भाषेत 'निर्घृण' गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळाने त्याचं प्राथमिक मूल्यांकन करायचं. असा गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता त्याच्यात होती का, परिणाम त्याला कळत होते का, गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. यावरून मंडळ त्याला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. बाल न्यायालय या नावावर जाऊ नये. ते सत्र न्यायालयच असतं, बहुतेक ठिकाणी पॉक्सोसाठी, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यासाठी, नेमलेलं. त्याच इमारतीत, त्याच जिन्यावरून बेड्या घातलेले मोठे कैदी चढत-उतरत असतात. आणि हे मूल्यांकन होतं ते मुलाने गुन्हा केला की नाही हे ठरण्याच्या आधी. केलाच असेल असं धरून त्याच्या मनाचं माप घ्यायचं.

आता तो मुलगा. बालकाची ओळख पटेल असं लिहायला कलम 74 मनाई करतं, तेव्हा गाव, जिल्हा, नावं लिहीत नाही.

2021 चा ऑगस्ट. शाळा दीड वर्ष बंद. आईबाप ऊसतोड कामगार, मराठवाड्यातून आमच्या भागात यायचे आणि हंगाम संपला तरी त्या वर्षी शहराच्या कडेलाच राहिले होते. मुलगा दिवसभर मोठ्या पोरांच्या कट्ट्यावर. एका संध्याकाळी दोन कट्ट्यांचं भांडण झालं, चार जण एकोणीस वर्षांच्या एका मुलावर धावून गेले, आणि तो मुलगा दवाखान्यात पोचायच्या आत गेला. चौघांतले तिघे सज्ञान. चौथा हा. हातातला कोयता घरचाच, ऊस तोडायचा.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख होती 1 जून 2005. म्हणजे घटनेच्या दिवशी वय सोळा वर्षं दोन महिने. खेडोपाडीच्या शाळांतून 1 जूनला जन्मलेली मुलं किती असतात हे आपल्यातल्या कुणालाही सांगायला नको. पहिलीत नाव घालताना सहा पूर्ण दिसायला हवीत, घरात कागद नाही, मग गुरुजी 1 जून लिहितात. त्याच्या आईने आम्हाला सांगितलं, "साहेब, कारखाना नुकता सुरू झाला होता, फडात कोपीवर झाला तो." कारखाना दिवाळीच्या आसपास सुरू होतो. बाईचं खरं असेल, तर घटनेच्या दिवशी तो सोळाचा झालाच नव्हता आणि मोठ्या कोर्टाचं दार त्याच्यासाठी मुळात उघडतच नव्हतं. पण वय ठरवताना पहिला मान शाळेच्या दाखल्याला. दाखला होता. जन्माची नोंद कुठेच नव्हती. हंगामाची आठवण हा पुरावा होत नाही.

मग मूल्यांकन. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे पत्र गेलं. एक बैठक झाली. बुद्ध्यांकाची चाचणी झाली. अहवाल दीड पानाचा, त्यात लिहिलेलं की आकलन वयानुरूप आहे, कोणताही मानसिक आजार आढळत नाही. मंडळासमोर त्याला विचारलं, कुणाला कोयता मारला तर काय होतं? तो म्हणाला, "मरतो. पोलीस धरतात." परिणाम कळतात, असं आम्ही नोंदवलं. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल त्याहून बरा होता, घराचं, कट्ट्याचं, सुटलेल्या शाळेचं त्यात बरंच होतं. तो आम्ही वाचला आणि बाजूला ठेवला. बाहेर रोज बातम्या येत होत्या. मार्च 2022 मध्ये तिघांनी सह्या केल्या. मी नको म्हणू शकले असते. वेगळं मत लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं.

आदेश वाचून दाखवल्यावर त्याची आई मला म्हणाली, "मॅडम, म्हणजे आजपासून तो मोठा झाला का?"

मी काहीतरी उत्तर दिलं. ती त्याच रात्री फडावर परत गेली, कारण उचल फेडायची होती. अपिलाला 30 दिवस असतात. ते ऊसतोडीत गेले.

त्यानंतर चार महिन्यांनी, 13 जुलै 2022 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने गुरुग्रामच्या एका शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात निकाल दिला. प्राथमिक मूल्यांकन हे नाजूक, तज्ज्ञाचं काम आहे, मंडळावर बालमानसशास्त्र जाणणारं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं ऐच्छिक राहत नाही, आणि बुद्ध्यांक चांगला म्हणजे परिणाम समजण्याची क्षमता आली असं धरता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मी तो निकाल रात्री घरी वाचला. आमची दीड पानं मला त्यात ओळीओळीने दिसली. "मरतो, पोलीस धरतात" हे सात वर्षांचं पोरही सांगेल. भर भांडणात, चार जण ओरडत असताना, आपण मागे राहिलो तर उद्या कट्ट्यावर तोंड दाखवता येणार नाही या भीतीत सोळाचं पोर काय करतं, याचं माप त्या खोलीत बसून आम्ही घेतलंच नव्हतं. घेता येतं का, याचीही मला आता शंका आहे. सहा महिन्यांनी, निरीक्षणगृहात, शांत खोलीत विचारलेल्या प्रश्नांवरून त्या संध्याकाळचं मन कसं सापडणार?

आपल्यापैकी कुणी म्हणेल की हे एका मुलाचं झालं. मग ही चाळणी कुणाला अडवते आणि कुणाला सोडते ते पाहू.

जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा सात वर्षांहून जास्त आहे पण किमान शिक्षा ठरलेली नाही, तो 'निर्घृण' धरता येणार नाही. 2021 च्या दुरुस्तीत संसदेनेही तेच मान्य केलं. कायद्याच्या शब्दांशी ते सुसंगतच आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की मुलगा कुठल्या कोर्टात जाणार हे मुलाकडे पाहून ठरत नाही, कलमापुढच्या किमान आकड्यावरून ठरतं. सदोष मनुष्यवधाला सात वर्षांची किमान शिक्षा नाही, म्हणून तो मुलगा मंडळात राहतो. सतरा वर्षांचा मुलगा पंधरा वर्षांच्या मैत्रिणीबरोबर घरातून पळून जातो, मुलीचे वडील तक्रार देतात, आणि पॉक्सो लागतो. तिथे किमान शिक्षाच दहा वर्षं, मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस. ते पोरगं 'निर्घृण'. त्याचं मूल्यांकन. आमच्यापुढे अशा प्रकरणांची रांग असायची. मुली बाहेर रडत बसायच्या, आणि आत आम्ही त्या मुलाला प्रौढ म्हणायचं का यावर कागद रंगवायचो.

पुण्याच्या कल्याणीनगरचं प्रकरण यात आणायलाच हवं, कारण वय कमी करायच्या मागणीला सगळ्यात जास्त बळ तिथून मिळालं. 19 मे 2024, रविवारची पहाट, सतरा वर्षांचा मुलगा, महागडी गाडी, आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण जागीच गेले. त्याच दिवशी जामीन, आणि अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध. लोकांना संताप आला तो मला समजतो. त्या दिवशी मलाही मंडळाचं नाव सांगायची लाज वाटली. पण तो संताप कशावर होता ते नीट आठवा. मंडळ बसलेलं नसताना मुलाला एका सदस्यापुढे हजर करता येतं, आणि तिथे एकट्या सदस्याने आदेश दिला. पुढे सरकारने चौकशी करून मंडळाच्या दोन सदस्यांना काढलं. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात अटक झाली ती मोठ्या माणसांना, त्यांत डॉक्टर होते आणि मुलाचे आईवडीलही. यातल्या कुठल्या गोष्टीवर मोठं कोर्ट हा उपाय आहे? ओरड झाल्यावर मुलाला निरीक्षणगृहात टाकलं गेलं, आणि 25 जून 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश बेकायदा ठरवून त्याला सोडलं. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवा ही पोलिसांची मागणी मंडळाने 15 जुलै 2025 रोजी फेटाळली. माझ्या मते तो निर्णय योग्य आहे. फक्त, बड्या घरच्या त्या मुलाला जसे वकील मिळाले, तसा एक जरी वकील मार्च 2022 मध्ये आमच्यासमोर उभा राहिला असता, तर त्या ऊसतोड्याच्या पोराच्या जन्मतारखेवर निदान भांडण तरी झालं असतं. वय चौदावर आणलं की हेच होणार. ज्यांच्याकडे कागद आणि वकील आहेत ते वाचतील, 1 जूनची पोरं जातील.

टोळ्या मुद्दाम अल्पवयीन पोरं पुढे करतात, "तुला काही होत नाही, अठराच्या आत आहेस" म्हणून सांगतात, हे खरं आहे. मी स्वतः ऐकलं आहे. पण वय चौदा केलं तर उद्या तेरा वर्षांचं पोर पुढे होईल, दुसरं काही होणार नाही. मुलांना गुन्ह्यात वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड, असं बाल न्याय कायद्याचं कलम 83 आजही सांगतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 मध्ये त्यासाठी किमान तीन वर्षं ठेवली आहेत. माझ्या दोन मुदतींत आमच्यापुढे आलेल्या एकाही आरोपपत्रासोबत कलम 83 लावलेलं मी पाहिलं नाही. भाई बाहेर राहतो आणि पोर आत येतं. पोलीस अधिकाऱ्यांना आपण अधिवेशनात, जिल्हा बैठकीत विचारा, की या कलमाखाली तुमच्या हद्दीत किती जण धरले.

गुन्हे करणाऱ्या मुलांची लाट आली आहे असंही बोललं जातं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे मुलांवर नोंदलेली प्रकरणं 2021 साली देशभरात 31,170 होती, 2022 साली 30,555. त्याच 2022 मध्ये भारतीय दंड संहितेखाली नोंदलेले गुन्हे 35 लाखांच्या वर होते. अमेरिकेत लाखो मुलं मोठ्या कोर्टांतून गेली आहेत. तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या तज्ज्ञगटाने 2007 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले तेव्हा असं दिसलं की मोठ्यांच्या व्यवस्थेत गेलेली मुलं पुढे जास्त हिंसा करतात. 2017 मध्ये न्यूयॉर्क राज्याने सोळा-सतराच्या मुलांना मोठ्या कोर्टातून परत काढायचा कायदा केला. ते परत फिरताहेत, आणि आपल्याला त्या वाटेला लावायला निघालेले लोक त्यांचंच उदाहरण देतात. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा 1924 साली झाला होता. शंभर वर्षांची आपली स्वतःची समज आपण टाकून देऊ नये.

आता ज्या बाईचं नाव मी अजून घेतलं नाही तिच्याकडे येते. गेलेल्या मुलाची आई. मंडळाच्या बाहेर एकच बाक होता. त्याच्या एका टोकाला ती बसायची, दुसऱ्या टोकाला आरोपीची आई. तिने मला एकदा जिन्यात गाठून विचारलं, "माझ्या पोराचं वय कुणी मोजलं का?" या प्रश्नासमोर मी आजपर्यंत लिहिलेलं सगळं थिटं आहे, हे मला ठाऊक आहे. तिला आत येऊन बोलायला आमच्याकडे रीतसर जागा नव्हती. मुलाचं पुढे काय झालं ते गुप्ततेमुळे तिला कळणार नव्हतं. आणि मंडळ जास्तीत जास्त देऊ शकतं ती विशेष गृहातली तीन वर्षं. मुलाच्या खुनाला तीन वर्षं, हे तिला पटावं असं मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार? लोक मोठं कोर्ट मागतात त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे. मंडळाच्या हातात पुरेसं काही नाही, असं त्यांना दिसतं, आणि त्यात तथ्य आहे.

म्हणून माझी मागणी ही. अठराच्या आतलं प्रत्येक मूल मंडळापुढेच राहावं, शेवटपर्यंत. प्राथमिक मूल्यांकन आणि पाठवणी हे दोन्ही कायद्यातून काढून टाका. पण जिथे माणूस गेला आहे किंवा बलात्काराचा आरोप आहे, तिथे मंडळाचा प्रमुख सत्र न्यायाधीशाच्या दर्जाचा नेमा. अनुभवी न्यायाधीश मुलांच्या कोर्टात येऊन बसू दे, मुलाला त्यांच्या कोर्टात न्यायची गरज नाही. अशा प्रकरणांत तीन वर्षांची मर्यादा उठवा आणि मुलाला 'सुरक्षित ठिकाणी', म्हणजे अशा मुलांसाठीच्या तुरुंगाबाहेरच्या बंदिस्त गृहात, तेविसाव्या वर्षापर्यंत ठेवण्याचा अधिकार मंडळाला द्या, मात्र दर वर्षी त्याला समोर बोलावून, परिविक्षा अधिकारी आणि मानसशास्त्रज्ञाचा अहवाल घेऊन, ठेवायचं की सोडायचं हे ठरवायची सक्तीही त्यासोबत घाला. गेलेल्याच्या घरच्यांना मंडळासमोर बोलायचा हक्क द्या आणि दर वर्षीच्या निर्णयाची माहिती त्यांना मिळू दे. आमच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दुसऱ्या कोर्टाचाही बोजा असायचा, मंडळ आठवड्यातून दोन दिवस बसायचं, कधी तेही नाही. पूर्ण वेळ मंडळ, पूर्ण वेळ मानसशास्त्रज्ञ, आणि रविवारी जामिनाचा आदेश एकट्या सदस्याने द्यायचा नाही. दिवस-दोन दिवस मूल निरीक्षणगृहात थांबेल, पण तिघे मिळून ठरवू देत. वयाच्या दाखल्यावर 1 जून असेल, तर मंडळाने ती तारीख आपणहून तपासलीच पाहिजे, असंही नियमात यावं. वरच्यांना ही बारीक गोष्ट वाटेल. ज्या पोराचं सगळं आयुष्य त्या तारखेवर फिरतं, त्याला ती बारीक नाही.

यातलं काही मान्य होईपर्यंत निदान वय कमी करायच्या विधेयकाला हात वर करू नका, एवढी विनंती आहे.

त्या मुलाला बाल न्यायालयाने दोषी धरलं. कायद्याप्रमाणे तो एकवीस होईपर्यंत सुरक्षित ठिकाणी आहे. एकविसाव्या वर्षी न्यायालय त्याचं पुन्हा मूल्यांकन करून ठरवतं, की त्याला बाहेर सोडायचं की उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवायचं. दाखल्याप्रमाणे तो येत्या 1 जूनला एकवीस पूर्ण करतो. त्याची आई अधूनमधून फोन करते. परवा विचारत होती, "मॅडम, तारखेला याल का?" मी आता मंडळावर नाही, मला तिथे बोलायचा काही अधिकार नाही. तरी मी येते म्हणून सांगितलं आहे.

आपली नम्र,
बाल न्याय मंडळाची एक माजी सदस्य